गाय गाभडली? आधी हात लांब ठेवा: ब्रुसेलोसिसचं गोठ्यातलं आणि घरातलं गाईड

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली, वार पण अडकून बसलीय, तर सगळ्यात आधी एकच करायचं, उघड्या हाताने काहीही धरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं पण प्रत्यक्षात गोठ्यात जो कोणी असतो तो पहिले धावत जाऊन वासरू ओढतो, वार हाताने सोडवायला बघतो, मग तेच हात बादलीत बुचकळून पुढच्या गायीची धार काढायला बसतो. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांचा गाभ पाडणारा आणि माणसालाही लागणारा जंतूचा आजार, नेमका इथूनच पसरतो, बाकीच्या गायींना पण आणि माणसांना पण.

गाभडायची कारणं दहा असतात, लेप्टो किंवा आयबीआरसारखे दुसरे आजार असतात, बुरशी लागलेला चारा असतो, मार लागलेला असतो. पण पाचव्या महिन्यानंतर गाभडली असेल आणि विशेष करून एकाच गोठ्यात थोड्या दिवसांत दोन-तीन गायींचं तसं झालं, तर जोपर्यंत टेस्ट निगेटिव्ह येत नाही तोपर्यंत ब्रुसेलोसिसच आहे असं धरून चालायचं. उलटं करू नका, म्हणजे रिपोर्ट आल्यावर काळजी घेऊ असं नको, कारण रिपोर्ट येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

त्या दिवशी काय करायचं

गरोदर पोरीबायका, लहान मुलं आणि कुत्री, या तिघांना आधी तिथून लांब करा. कुत्र्याचं नाव मुद्दाम घेतलंय कारण टाकलेला गाभ किंवा वार कुत्र्याने तोंडात धरून पळवली की तो ती कुठल्या रानात नेऊन टाकेल याचा नेम नाही, आणि कुत्र्याला स्वतःला पण लागण होऊ शकते.

मग ज्याला काम करायचंय त्याने लांब रबरी ग्लोव्हज, मास्क, गमबूट आणि डोळ्यांना चष्मा घालायचा. डोळ्याला कशाला? कारण हा जंतू डोळ्याच्या पातळ कातडीतून पण आत जातो, हातावरच्या बारीकशा खरचटण्यातून जातो, आणि सुकलेल्या घाणीची धूळ उडाली तर श्वासातून पण जातो. लांब ग्लोव्हज मिळालेच नाहीत तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधा, ग्लोव्हजची सर येणार नाही पण उघड्या हातापेक्षा शंभर पटीने बरं.

अडकलेली वार ओढायची नाही. खरंच नाही. ओढून गायीचं पण नुकसान होतं, गर्भाशयाला इजा होते, आणि तुमच्या हातावर जंतूंचा मारा होतो. डॉक्टरला बोलवा, तोपर्यंत लोंबणारा भाग तसाच राहू दे. आणि डॉक्टर आले की फोनवर सांगितलं असलं तरी परत सांगा की गाय गाभडलीय, म्हणजे ते पण हात झाकून काम करतील, जनावरांच्या डॉक्टरांना हा आजार होण्याचं प्रमाण उगाच जास्त नाहीये.

वारीचीच एवढी भीती का, तर गाभण गायीच्या गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाचा एक साखरेसारखा पदार्थ असतो आणि ब्रुसेला अबॉर्टस या जंतूला तो भयंकर आवडतो, त्यामुळे गाभाच्या शेवटच्या महिन्यांत तो तिथे जमून बेसुमार वाढतो. म्हणून गाभ पडतो तेव्हा वार, पाणी आणि वासरू यांच्यात जंतू अक्षरशः कोट्यवधींनी असतात. एरवी वर्षभर गाय जेवढं पसरवत नाही तेवढं या एका दिवसात पसरतं.

नमुना घ्यायचा असेल तर डॉक्टरलाच घेऊ द्या, टाकलेल्या वासराच्या पोटातलं पाणी, फुफ्फुस, प्लीहा आणि वारीचा तुकडा बर्फात ठेवून लॅबला जातो. सोबत गायीचं रक्त. यात एक गोम अशी की गाभडल्या-गाभडल्या रक्तात अँटिबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ते) सापडेलच असं नाही, त्यामुळे पहिली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून मोकळे होऊ नका, दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त द्या.

उरलेलं सगळं, म्हणजे गाभ, वार, ओलं झालेलं गवत, अंथरलेला पेंढा, हे एकतर जाळायचं नाहीतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. खोल म्हणजे कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल, माणूसभर धरा, आणि विहीर, ओढा, बोअर यांच्यापासून लांब. उकिरड्यावर टाकणं, नदीत सोडणं, झाडाला टांगणं हे सगळे प्रकार आजार वाटायचे धंदे आहेत.

जमिनीवर औषध मारायच्या आधी शेण आणि घाण पूर्ण काढा, कारण शेणावर ब्लीच ओतलं की ब्लीचचा जोर शेणातच संपतो, खालच्या जंतूपर्यंत काही पोचत नाही. मग सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे पातळ ब्लीच) साधारण अडीच टक्के करून ओता, बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर जेवढं औषध तेवढंच पाणी, झालं. तेही नसेल तर दोन-तीन टक्क्यांचा कॉस्टिक सोडा चालतो, पण तो कातडी भाजतो तर जपून. निदान तासभर ओलं राहू द्या, मग धुवा. उन्हाचा फायदा घ्या, थेट कडक उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, पण सावलीत, ओलीत, गार हवेत तोच जंतू आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने पण टिकतो. म्हणून अंधारा ओलसर गोठा असेल तर तिथे एकदा औषध मारून भागत नाही.

कपडे उकळत्या पाण्यात. हात साबणाने कोपरापर्यंत. आणि हे सगळं होईपर्यंत तंबाखू, बिडी, चहा, काहीही तोंडाला लावायचं नाही.

गाय वेगळी बांधा, तिची गव्हाण वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं. घाण गळायची थांबेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे. तिची धार सगळ्यात शेवटी काढायची.

बरी दिसते म्हणजे बरी झाली असं नाही

आता जो भाग लोकांना पटत नाही तो सांगतो. गाभडलेली गाय पुढच्या वेळी बहुतेक वेळा नीट पूर्ण दिवसांनी व्याते. वासरू जिवंत, गाय चारा खातेय, दूध देतेय, मग घरातले म्हणतात चला निघून गेलं दुखणं. तर ते गेलेलं नसतं. जंतू तिच्या कासेत आणि कासेजवळच्या गाठींमध्ये ठाण मांडून असतो, दुधातून येत राहतो, आणि प्रत्येक वेताला घाणीतून परत बाहेर पडतो. अशी गाय गाभडणाऱ्या गायीपेक्षा जास्त धोक्याची असं मी तर म्हणेन, कारण तिच्याबद्दल कोणी सावधच नसतं.

ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहितीये तरी आपण परत परत फसतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने हैराण होते, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने तो जंतू शोधला पण येतो कुठून ते काही केल्या कळेना. १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लीस झामिट या डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा कळलं की चांगल्या धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातूनच तो येतोय. सैनिकांचं ते दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने कमी झाला. गायींमधला जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगने १८९७ मध्येच शोधला होता, पण दोन्ही एकाच खानदानातले आहेत हे लक्षात यायला अजून बरीच वर्षं गेली.

तर दिसण्यावर जाऊ नका. गाभडणं सोडून बाकी खुणा बघा: वार वारंवार अडकते, गाय सारखी उलटते (भरवूनही गाभण राहत नाही), कमजोर वासरं जन्मून दोन-चार दिवसांत मरतात, काही जनावरांच्या गुडघ्यावर पाणी भरल्यासारखी मऊ गाठ येते, वळूचं वृषण सुजतं. दूध थोडं कमी होतं पण ते कशानेही होतं.

टेस्टचं

गोठ्यावर किंवा छोट्या लॅबमध्ये होणारी सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे रोझ बेंगाल. रक्तातलं सिरम (वरचं पिवळसर पाणी) आणि गुलाबी अँटिजेन (मारलेल्या जंतूंचं रंगवलेलं द्रावण) यांचा एकेक थेंब मिसळून चार मिनिटं हलवतात, दाणे धरले तर पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, पटकन होते, पण कधीकधी दुसऱ्या जंतूमुळे किंवा लसीमुळे पण दाणे धरतात, म्हणून पॉझिटिव्ह आलेलं जनावर एलायझा या लॅबमधल्या रक्ताच्या दुसऱ्या टेस्टने कन्फर्म करून घेणं चांगलं.

दूध एकत्र जमा होत असेल तिथे मिल्क रिंग टेस्ट भारी पडते. कॅनमधल्या दुधात निळं अँटिजेन टाकून तासभर गरम जागी ठेवतात, वर सायीत निळं कडं दिसलं की समजायचं या दुधात कुठल्यातरी पॉझिटिव्ह गायीचं दूध आहे, मग एकेक गाय शोधायची. पण चिकाचं दूध, आटत आलेली गाय किंवा कासदाह असेल तर ही टेस्ट चकवते.

व्यायच्या आसपास रक्त तपासलं तर खोटी निगेटिव्ह यायची शक्यता जास्त. आणि आजारी गायीच्या पोटी जन्मलेल्या काही कालवडी अशा असतात की त्यांची टेस्ट पहिल्या वेतापर्यंत निगेटिव्हच येत राहते आणि मग एकदम बाहेर पडतं. फार नसतात, पण असतात. म्हणून पॉझिटिव्ह गायीची कालवड पुढच्या पैदाशीसाठी ठेवावी का याचा दोनदा विचार करा.

पॉझिटिव्ह निघाली, आता?

पुस्तकी उत्तर आहे कत्तल. श्रीमंत देशांनी असंच केलं, टेस्ट करत गेले, पॉझिटिव्ह मारत गेले आणि मालकाला सरकारने भरपाई दिली. भरपाई हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या देशात भरपाई नाही, जिथे दोन गायींवर घर चालतं, काही ठिकाणी कायदा आणि श्रद्धा पण आड येतात, तिथे शेतकऱ्याला कत्तल कर म्हणून सांगणं म्हणजे त्याला टेस्टच करू नको म्हणून सांगण्यासारखं आहे. तो गाय गुपचूप बाजारात नेऊन विकतो आणि आजार दुसऱ्या गावात पोचतो. याला शेतकरी नालायक आहे असं म्हणणं सोपं आहे, पण मला तरी ती योजनेची चूक वाटते.

तरीही विकू नका, निदान आजार लपवून, दुभती म्हणून तर अजिबात विकू नका. नियमाप्रमाणे कत्तलखान्यात देता येत असेल तर तो रस्ता आहे, तिथे पण कामगारांना सांगून, कारण गर्भाशय आणि कास हाताळणाऱ्यांना धोका असतो. ते शक्य नसेल तर गाय कायमची वेगळी ठेवायची, तिला परत गाभण करायचं नाही (गाभ नाही तर वार नाही, आणि पसरायचं मुख्य दारच बंद), दूध उकळल्याशिवाय कोणालाही नाही, अगदी वासराला पण नाही. तिचं शेण वेगळं ढीग करून महिनोन्महिने कुजवा, ओलं शेण चाऱ्याच्या रानात टाकू नका.

अँटिबायोटिक देऊन गाय बरी करतो म्हणणारा कोणी भेटला तर नको म्हणा. हा जंतू पेशींच्या आत लपून बसतो, औषध चालू असेपर्यंत गप्प राहतो आणि नंतर परत येतो, वरून औषधाचे अंश दुधात उतरतात. पैसे वाया.

लस

कालवडींना एस-१९ लस, आयुष्यात एकदाच. वय प्रत्येक देशाच्या नियमात थोडं वेगळं असतं, साधारण ३ ते ८ महिने, भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला त्यात ४ ते ८ महिने धरलेत. फक्त माद्यांना. नराला दिली तर वृषणाला सूज येऊ शकते, गाभण गायीला नेहमीचा पूर्ण डोस दिला तर ती गाभडू शकते, म्हणून कोणीतरी उरलेली बाटली सगळ्यांना टोचून संपवू म्हणाला तर थांबवा त्याला.

आणि वय का पाळायचं? लहानपणी दिलेल्या लसीच्या अँटिबॉडी कालवड मोठी होईपर्यंत सहसा विरून जातात. मोठेपणी दिली तर त्या टिकून राहतात, मग पुढे रोझ बेंगालमध्ये पॉझिटिव्ह आली की लसीमुळे आली का आजारामुळे हे कोणाला सांगता येत नाही. म्हणूनच लस दिल्यावर कानात टॅग आणि तारखेची नोंद हवीच. दुसरी एक लस आहे आरबी-५१, ती नेहमीच्या टेस्टमध्ये असा गोंधळ करत नाही, पण सगळीकडे मिळत नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठी रेव्ह-१ वेगळी, त्यांच्यातला ब्रुसेला मेलिटेन्सिस हा जंतू माणसाला जास्त जोरात धरतो, तर गायींसोबत शेळ्या असतील तर त्यांना विसरू नका.

एस-१९ चा जन्म गमतीशीर आहे, १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधातून काढलेला जंतू लॅबमध्ये वर्षभर बाहेरच राहिला आणि त्याचा जोर आपोआप उतरला. पण जोर उतरला म्हणजे मेला नाही, ही लस जिवंत आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर लगेच धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुठली लस होती ते नाव सांगा, कारण माणसाच्या उपचारात वापरतात ते रिफाम्पिसिन हे औषध आरबी-५१ वर चालतच नाही.

लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे. उन्हात गाडीच्या डिकीत फिरलेली लस म्हणजे पाणीच. आणि लस दिलेली प्रत्येक कालवड वाचेलच असं नाही, पण गाभडणं खूप कमी होतं आणि गाभडणं कमी झालं की जंतू पसरणंच कमी होतं, खरा फायदा तो.

नवीन जनावर आणताना

बरेच गोठे इथेच बुडतात. दूध बघतात, कास बघतात, दात बघतात, रक्त कोणी बघत नाही. घ्यायच्या आधी टेस्ट, आणल्यावर निदान ३० दिवस वेगळं, परत टेस्ट, मग आत. गाभण गाय घेतली असेल तर ती व्यायपर्यंत वेगळी ठेवता आली तर सोन्याहून पिवळं. स्वस्तात मिळणारी, नुकतीच गाभडलेली दुभती गाय घ्यायचीच नाही. रेतनासाठी सिमेन तपासलेल्या वळूचंच घ्या, गावभर फिरणाऱ्या वळूची टेस्ट कोणी केलेली नसते.

दूध

उकळा. एवढंच. ६३ डिग्रीला ३० मिनिटं किंवा ७२ डिग्रीला १५ सेकंद एवढ्यातच हा जंतू मरतो, त्यामुळे एक नीट उकळी भरपूर झाली. फ्रीजने मरत नाही, उलट गारव्यात छान टिकतो. कच्च्या दुधाची ताजी चीज, क्रीम, लोणी यातून लागण होते, आणि दूध आंबवलं म्हणजे सुरक्षित झालं असं धरू नका, आधी उकळा मग विरजा. धार काढता काढता कोमट दूध तोंडात घ्यायची सवय असेल तर ती सोडा. मांसात धोका कमी असतो पण अर्धकच्चं काळीज, प्लीहा, कास खाऊ नये.

माणसाला ताप आला तर

सहसा दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतं, कधी महिन्यांनी. ताप येतो जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, सांधे आणि कंबर दुखते, भूक जाते, वजन उतरतं, आणि एक विचित्र थकवा आणि उदासपणा येतो ज्याला घरचे आळस म्हणतात. मलेरिया आणि टायफॉइड जिथे घरोघरी आहेत तिथे डॉक्टर आधी त्यांचंच औषध देणार, पाच दिवसांच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटणार, परत ताप येणार, असं महिनोन्महिने चालू राहतं. हे चक्र तोडायचा सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या तोंडात आहे. डॉक्टरला स्वतःहून सांगा: माझ्याकडे जनावरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली, मी वार काढली, मी कच्चं दूध पितो. ते विचारतील याची वाट बघू नका.

मग रक्ताची रोझ बेंगाल आणि ट्यूब टेस्ट होते, शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का बघणं). कल्चर पाठवताना लॅबला ब्रुसेलाचा संशय आहे हे आवर्जून कळवायला लावा, एकतर हा जंतू हळू वाढतो म्हणून त्यांना बाटली जास्त दिवस ठेवावी लागते, आणि दुसरं म्हणजे लॅबमधल्या माणसाला यातूनच लागण होऊ शकते.

उपचार लांब आहे. मोठ्या माणसाला सहसा डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पूर्ण ६ आठवडे, सोबत एकतर रिफाम्पिसिन तेवढेच दिवस, नाहीतर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दोन-तीन आठवडे. मणक्यात, हृदयाच्या झडपेत किंवा मेंदूत गेलं असेल तर कोर्स अजून लांबतो. एकच औषध घेऊन भागत नाही, आजार उलटतो. आणि दहाव्या दिवशी ताप गेला म्हणून गोळ्या बंद केल्या तर तो उलटणारच असं समजा, सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. रिफाम्पिसिन टीबीचं पण औषध आहे, त्यामुळे टीबी असलेल्या भागात डॉक्टर आधी टीबी नाही ना हे बघतात, तुम्ही मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदर बाईला आणि ८ वर्षांखालच्या मुलांना औषधं वेगळी असतात, आणि गरोदरपणात उशीर केला तर गर्भपाताचा धोका असतो.

मान आखडून जोराचं डोकं दुखणं, दम लागणं, पायातली ताकद जाणं, पुरुषांना वृषणाची सूज, यातलं काही असेल तर वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला जा.

घरातल्या एकाला निघाला की बाकीच्यांचं पण रक्त बघा, कारण दूध सगळ्यांनी तेच प्यायलेलं असतं. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, ताट-पेला वेगळा करायची गरज नाही. आणि माणूस पॉझिटिव्ह आला तर त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरला पण फोन करा, गोठा तपासला नाही तर ६ आठवड्यांच्या गोळ्या संपवून तो माणूस परत त्याच गायीखाली धार काढायला बसणार आहे.